ताबा घेतला म्हणजे नेमके काय घेतले?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी ३१ वर्षे गेली आणि त्यांतील बहुतेक मालवण, देवगड व वेंगुर्ले या तीन तालुक्यांतील मच्छीमार संस्था, विकास संस्था आणि पतसंस्था यांची दप्तरे तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर क्रिप्टोच्या विषयावर वृत्तपत्राला पत्र लिहिण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते. परंतु आमच्या वाडीतील ११ मुलांच्या बाबतीत जे घडले ते मी जवळून पाहिले आहे, आणि बुडालेल्या क्रिप्टो नाण्याचा ‘ताबा’ घ्या असे निरोप आता गावोगावच्या मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरू लागले आहेत, म्हणून हे सविस्तर कळवीत आहे.

या ११ जणांपैकी ९ जण मुंबई, ठाणे आणि विरार येथे नोकरीला आहेत. उरलेल्या दोघांपैकी एकाची गावात होडी आहे व दुसरा आंब्याच्या बागा कराराने घेतो. गेल्या वर्षी मिरगाच्या सुमारास या सर्वांनी मिळून एका नव्या टोकनात, म्हणजे संगणकावर काढलेल्या आभासी नाण्यात, १,४०,००० रुपये घातले. टोकनचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याचे नाव छापून आले एवढ्यावरही कोणी ते विकत घेईल. त्या टोकनचा संस्थापक कोण, हे कोणालाही ठाऊक नव्हते. एक टोपणनाव आणि एक चित्र, एवढीच त्याची ओळख. तीन आठवड्यांत त्याने स्वतःजवळची टोकन विकली, टेलिग्रामवरील ग्रुप बंद केला आणि तो नाहीसा झाला. दर एका रात्रीत मातीमोल झाला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी नवा ग्रुप उघडून जाहीर केले की संस्थापक पळाला हे बरेच झाले, आता प्रकल्प लोकांच्या ताब्यात आला आहे. या प्रकाराला त्या व्यवहारात ‘कम्युनिटी टेकओव्हर’ किंवा थोडक्यात ‘सीटीओ’ म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये ‘पंप डॉट फन’ हे संकेतस्थळ सुरू झाल्यापासून कोणालाही काही मिनिटांत, फुटकळ खर्चात १०० कोटी नगांचे टोकन काढता येते. त्यामुळे जन्माला घालून सोडून दिलेली टोकन उदंड झाली आणि ‘सीटीओ’ हा शब्दही रोजच्या वापरातला झाला.

माझा पुतण्या त्या नव्या ग्रुपचा एक अ‍ॅडमिन झाला. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांना समजावून सांगण्याचे काम त्याच्याकडे होते. गणपतीत तो घरी आला तेव्हा आरती झाल्यावर पडवीत बसून मोठ्या उत्साहाने मला म्हणाला, “काका, आता ता आमच्या ताब्यात आसा.” मी सवयीप्रमाणे विचारले, “ताब्यात म्हणजे काय काय गावला? यादी खंय आसा?” यादी नव्हती. यादी असावी लागते हेच त्याला ठाऊक नव्हते.

आमच्या खात्यात एखाद्या संस्थेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक नेमला जातो, तेव्हा तो पहिल्या दिवशी सभासदांपुढे भाषण करीत बसत नाही. तो कपाट उघडतो, रोख शिल्लक मोजतो, कीर्द आणि खतावणी पुढ्यात घेऊन शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून सही करतो, चेकबुकातील कोरे धनादेश मोजतो, शिक्के व किल्ल्या घेतो आणि सहीदार बदलल्याचे पत्र त्याच दिवशी बँकेला देतो. या सगळ्याची यादी दोन प्रतींत होते आणि तिच्यावर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही होते. देणारा फरार असेल तर पंचांसमक्ष पंचनामा होतो. ही यादी झाली नाही तोपर्यंत ताबा घेतला असे कागदोपत्री कोणी म्हणू शकत नाही. त्या रात्री पुतण्याच्या फोनवर आणि एका जुन्या आरतीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर आम्ही तशीच यादी करायला बसलो. वाऱ्यापावसाने नेटवर्क येत-जात होते, त्यामुळे मध्यरात्र उलटली.

पहिला प्रश्न असा की टोकनच्या मूळ कराराची, म्हणजे ज्या संगणकीय नियमांवर ते चालते त्यांची, किल्ली कोणाकडे आहे. ब्लॉकचेनवरील, म्हणजे या व्यवहारांच्या सामायिक जाहीर खतावणीवरील, व्यवहार कोणालाही पाहता येतात, ही या व्यवस्थेची खरोखर चांगली बाजू आहे, आणि तिथे पाहिल्यावर कळले की नवी टोकन छापण्याचा अधिकार संस्थापकाने आरंभीच सोडून दिला होता. ही गोष्ट ग्रुपमध्ये मोठ्या अभिमानाने सांगितली जात होती आणि तेवढ्यापुरती ती चांगलीही होती, कारण वाटेल तेवढी नवी टोकन कोणी काढू शकत नव्हते. परंतु तिचा दुसरा अर्थ असा होता की नव्या मंडळींना मूळ नियमांत काना-मात्राही बदलता येणार नव्हती. म्हणजे या खात्यावर ताब्यात घेण्यासारखे काही उरलेच नव्हते.

दुसरा प्रश्न गल्ल्याचा. हा भाग मुलांना सर्वांत कमी समजला होता, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. असे टोकन विकायचे तर समोर माणूस ग्राहक म्हणून उभा नसतो. एका सामायिक साठ्यात, ज्याला लिक्विडिटी पूल म्हणतात, एका बाजूला ते टोकन आणि दुसऱ्या बाजूला चलन ठेवलेले असते, आणि या दोहोंचा गुणाकार कायम राहील अशा बेताने दर आपोआप ठरतो. समजा, साठ्यात १० लाख टोकन आणि १,००,००० रुपये आहेत. दर दिसतो १० पैसे. ज्याच्याजवळ आणखी १० लाख टोकन आहेत तो मनाशी हिशेब करतो की आपल्याजवळ १,००,००० रुपये आहेत. प्रत्यक्षात त्याने ती सगळी विकली तर साठ्यात २० लाख टोकन होतात, गुणाकार तोच राहण्यासाठी रुपये ५०,००० उरतात, म्हणजे त्याच्या हाती शुल्क सोडून ५०,००० येतात आणि दर अडीच पैशांवर उतरतो. त्याच्यामागून येणाऱ्याला त्या अडीच पैशांपासून खाली विकावे लागते. दहा-दहा लाख टोकन बाळगणारे असे पाच जण असतील तर पाचव्याच्या वाट्याला काय येते, हे पुतण्याने स्वतः कागदावर मांडले, त्याचे उत्तर साडेतीन हजारांच्या आत निघाले, आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. आमच्या मुलांच्या टोकनच्या साठ्यातून संस्थापकाने आपले चलन आधीच काढून नेले होते. उरले होते ते इतके अल्प, की ११ जणांपैकी पहिल्या दोघांनाच काही हाती लागले असते. ज्या टोकनमध्ये हा साठा कुलूपबंद केलेला किंवा तो काढून घेण्याचा हक्क देणारी पावती कायमची नष्ट केलेली असते, तिथे ही एक भीती कमी असते, एवढा फरक येथे नमूद केला पाहिजे.

तिसरा प्रश्न मोठ्या खातेदारांचा, आणि येथे मला माझी नोकरी आठवली. टोकन जन्माला आले त्याच मिनिटात सात वेगवेगळ्या पत्त्यांनी, म्हणजे खात्यांनी, मोठी खरेदी केली होती आणि त्या सातांनाही पैसे एकाच जुन्या पत्त्यावरून आले होते. पतसंस्थेत सात कर्जदारांचे हप्ते एकाच माणसाच्या खात्यातून भरलेले दिसले तर लेखापरीक्षक काय समजतो, ते सांगायला नको. संस्थापकाने आपली टोकन विकली हे खरे, पण सगळी विकली असे मानायला आधार नव्हता. त्या सातांपैकी चार पत्ते भरलेले होते. म्हणजे मुलांनी रात्री जागून, पोस्टर करून, ओळखीच्यांना गळ घालून दर चार पैशांनी वर चढवला तर त्याचा पहिला लाभ बहुधा त्याच माणसाला होणार होता ज्याने त्यांना बुडवले होते. किंबहुना, ‘प्रकल्प आता लोकांचा’ अशी आरोळी ठोकणारा पहिला माणूस तोच नव्हता हे तरी कशावरून? याचे उत्तर ग्रुपमध्ये कोणाजवळ नव्हते.

जुने संकेतस्थळ आणि जुने एक्स खाते संस्थापकाच्याच नावावर होते, त्यात सांगण्यासारखे फार नाही. शेवटचा प्रश्न वर्गणीच्या खात्याचा. नवे संकेतस्थळ, दर दाखवणाऱ्या पानावरची माहिती बदलण्याचे शुल्क आणि जाहिरात यांसाठी ग्रुपने वर्गणी काढली होती आणि आमच्या मुलांनी आणखी १८,००० रुपये घातले होते. त्या वॉलेटची, म्हणजे वर्गणीच्या आभासी पाकिटाची, १२ शब्दांची गुप्त किल्ली एकाच स्वयंसेवकाजवळ होती. तो परदेशातला असावा, एवढेच पुतण्या सांगू शकला. त्याचा चेहरा कोणी पाहिला नव्हता.

अशा रीतीने आरतीपत्रकाच्या पाठीवर यादी पूर्ण झाली, आणि तिच्यात ‘घेतले’ या रकान्यात एकच नोंद करता आली: एक टेलिग्राम ग्रुप.

पुढे त्या स्वयंसेवकाने पैसे चोरले असे मी म्हणत नाही. तो दसऱ्यापर्यंत उत्तरे देत होता, दिवाळीत क्वचित, नंतर मुळीच नाही. वर्गणी त्या पत्त्यावर सर्वांना आजही दिसते आणि ती कोणाला हलवता येत नाही. तो आजारी असेल, कंटाळला असेल, कागद हरवला असेल. माझ्या नोकरीत अपहाराची प्रकरणे मी पुष्कळ पाहिली, त्यांत निदान सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी लागते आणि कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित होते. नुसत्या गप्प राहण्याने गेलेल्या रकमेची नोंद कोणत्या सदरात करायची, हे मला या प्रकरणापूर्वी कधी ठरवावे लागले नव्हते.

लोकांनी ताबा घेतलेले सर्वच प्रकल्प असे बुडतात असे मात्र नाही, आणि एकांगी लिहायचे नाही म्हणून पुतण्याकडून दोन प्रसिद्ध प्रकरणे समजून घेतली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘सुशीस्वॅप’ या टोकनांच्या अदलाबदलीच्या यंत्रणेचा संस्थापक ‘शेफ नोमी’ या टोपणनावानेच वावरत असे. ५ सप्टेंबर रोजी त्याने विकासनिधीतील टोकन विकून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरचे इथर हे क्रिप्टो चलन घेतले, दर कोसळला आणि लोक खवळले. दुसऱ्या दिवशी त्याने कारभाराची किल्ली ‘एफटीएक्स’ या एक्स्चेंजचे, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराचे, प्रमुख सॅम बँकमन-फ्राइड यांच्या हाती दिली. नंतर मतदानाने सहीदार निवडले गेले आणि किल्ली त्यांच्या संयुक्त सहीखाली आली. ११ सप्टेंबरला नोमीने रक्कम परत करून माफी मागितली आणि प्रकल्प पुढे चालू राहिला. तेव्हा सर्वांना तारणहार वाटलेल्या बँकमन-फ्राइड यांचे एक्स्चेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळले, ग्राहकांच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल ते दोषी ठरले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. सुशीस्वॅपची किल्ली त्यांच्या एकट्याच्या हाती होती त्या दिवसांत काही विपरीत झाले नाही. आमच्या अहवालात अशा ठिकाणी शेरा असतो: ‘दोष निष्पन्न झाला नाही, परंतु पद्धत सदोष आहे.’

दुसरे प्रकरण ‘स्टीम’ या समाजमाध्यमासाठीच्या ब्लॉकचेनचे, आणि ते मला अधिक बोधप्रद वाटते. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांनी स्टीममागची स्टीमिट ही कंपनी विकत घेतली आणि तिच्यासोबत आरंभापासून कंपनीकडे असलेला टोकनचा मोठा साठाही त्यांच्या हाती आला. हा साठा मतदानात वापरायचा नाही, अशी लोकांची समजूत होती, म्हणून यंत्रणा चालवणाऱ्यांनी तो गोठवला. त्यावर मार्चच्या आरंभी बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या तीन एक्स्चेंजांकडे ठेवीदारांनी ठेवलेली टोकन सन यांच्या बाजूने मतदानाला लागली आणि निवडून आलेले व्यवस्थापक एका फटक्यात बदलले गेले. बायनान्स आणि हुओबी यांनी पुढे ही मते काढून घेतली, पण व्हायचे ते होऊन गेले होते. शेवटी २० मार्च २०२० रोजी लोकांनी सगळी यंत्रणाच वेगळी काढली, तिला ‘हाइव्ह’ हे नाव दिले, आणि जुन्या बहुतेक खातेदारांची शिल्लक तिथे जशीच्या तशी दाखवून कंपनीचा तो साठा आणि सन यांच्या बाजूने मत दिलेली काही खाती वगळली. हाइव्ह त्यानंतरही चालू राहिले.

हे का साधले, याचा विचार केला तर दोन गोष्टी दिसतात. सुशीस्वॅप असो वा हाइव्ह, ताब्यात घेण्यासारखे काही अस्तित्वात होते. आज्ञावली खुली होती, ती वाचता येणारे आणि चालवणारे लोक आधीपासून कामावर होते. बरखास्त झालेल्या मच्छीमार संस्थेकडे बर्फाचा कारखाना आणि डिझेल पंप असेल तर सभासद ती पुन्हा उभी करू शकतात. जिच्याकडे नुसती पाटी आहे तिची पाटी रंगवून काय होणार? आमच्या मुलांच्या टोकनला एक गमतीदार नाव आणि एक चित्र याखेरीज काही नव्हते. दुसरी गोष्ट मताधिकाराची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ प्रमाणे एका सभासदाला एकच मत असते आणि ते त्याने स्वतः द्यायचे असते, दुसऱ्याकरवी नव्हे. ज्यांनी हा नियम केला त्यांना सावकार आणि खोत दोन्ही पाहून ठाऊक होते. टोकनच्या कारभारात ज्याची टोकन अधिक त्याची मते अधिक, आणि ठेव म्हणून दुसऱ्याकडे ठेवलेल्या टोकनचे मत तो दुसराच देऊ शकतो, हे स्टीमने दाखवून दिले. अशा व्यवस्थेला ‘लोकांचा कारभार’ म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

संयुक्त सहीलाही लोक फार मोठी ढाल समजतात. जुलै २०२४ मध्ये एका भारतीय एक्स्चेंजच्या संयुक्त सहीच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले, आणि सहीदारांच्या पडद्यावर दिसत होता तो व्यवहार व प्रत्यक्षात सही झाली तो व्यवहार वेगळा होता, असे त्या एक्स्चेंजने सांगितले. कोऱ्या धनादेशावर दोघांच्या सह्या असल्याने तो सुरक्षित होत नाही, हे आमच्या पतसंस्थांनी फार पूर्वी शिकून घेतले आहे.

आपल्याकडची रापण येथे आठवल्याशिवाय राहत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना लहानथोर सगळे दोराला लागतात, आणि जाळे वाळूवर आले की मासळीचे वाटे तिथेच, सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्याचा वेगळा. भांडण झाले तरी तिथेच, उजेडी होते. टोकनच्या ताब्यात दोर ओढणाऱ्याला वाटा नसतो. आमच्या मुलांनी भाषांतरे केली, शंका निरसन केले, नवख्यांना धीर दिला, आणि त्या कष्टांचे मोल आधीपासून ज्याच्याजवळ अधिक टोकन आहेत त्याच्या पदरी जमा होत राहिले. याहून मला अधिक बोचले ते असे, की पुतण्याने मराठीत लिहिलेल्या निरोपांवर विसंबून शेजारच्या वाडीतील तिघांनी पैसे घातले. त्यांतील एकाचा बोटीवरचा पगार होता. संस्थापकाला ते ओळखत नव्हते. ते आमच्या घराला ओळखत होते.

कराच्या बाजूचीही कल्पना मुलांना नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका टोकनमधील तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढील व्यवहारावर १ टक्का उद्गम करकपात आहे. एक टोकन देऊन दुसरे घेतले तरी ते हस्तांतरणच ठरते. आमच्यापैकी एकाला दुसऱ्या एका टोकनमध्ये २२,००० रुपये सुटले होते आणि या टोकनमध्ये त्याहून अधिक गेले होते. तो समजत होता की हिशेब तोट्यात असल्याने कर नाही. त्याला कर भरावा लागला. बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा देण्यास मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले याचा अर्थ अनेक जण सरकारने या व्यवहाराला अभय दिले असा करतात, तोही चुकीचा आहे. पैसे गेल्यावर दाद मागण्यासाठी १९३० हा सायबर मदत क्रमांक आहे आणि तिथे तत्काळ तक्रार करावी हे खरेच; परंतु आरोपीच्या रकान्यात फक्त टोपणनाव असेल तर पोलिसांनी तरी समन्स कोणाच्या दारी न्यावे?

पुतण्याने शिमग्याच्या सुटीत ती यादी इंग्रजी करून ग्रुपवर टाकली आणि प्रत्येक बाबीपुढे उत्तर मागितले. अर्ध्या तासात त्याला ग्रुपमधून काढले गेले. कोणी काढले ते कळले नाही, कारण अ‍ॅडमिन १४ होते आणि सगळे टोपणनावांचे. त्याने नंतर शेजारच्या वाडीत जाऊन त्या तिघांना समक्ष सांगितले. बोटीवरच्या मुलाला आम्ही घरातून ९,००० रुपये दिले. ते त्याने आधी घेतले नाहीत, मग आईच्या हाती दिले.

आपल्या दैनिकात क्रिप्टोच्या दरांच्या बातम्या येतात, त्यांसोबत अशा ‘ताब्या’च्या आवाहनांत काय तपासावे, याची माहिती सोप्या मराठीत गणपतीपूर्वी छापावी, ही विनंती आहे, कारण चाकरमानी गावी येतात आणि एकमेकांचे फोन पाहतात ते याच दिवसांत. मुंबईतील ग्राममंडळांनीही आपल्या ग्रुपवर असे निरोप आले तर अग्रेषित करण्यापूर्वी वर्गणीच्या वॉलेटचे सहीदार कोण, एवढे तरी विचारावे. आमच्या आरतीपत्रकावरील यादीची प्रत हवी असल्यास पाठवून देईन. एका कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे, पण अक्षर वाचता येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापरीक्षक,
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग